उत्तर चौकातून बाहेर या

ह्वेईयिंगच्या सासूला चोंगछिंग शहर बघायची काडीची हौस नव्हती. तिला आपला मुलगा डोळ्यांनी बघायचा होता. आणि मुलगा तर गेल्या भातकापणीच्या वेळीच वारला होता, हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

ह्वेईयिंगचा नवरा शिचुन क्रेन चालवायचा. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत छातीत कळ आली, डबा उघडाच राहिला आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं. त्याची थोरली बहीण शिफेन गावाहून धावत आली. पोटभर रडली, तोंड धुतलं आणि फर्मान सोडलं.

"आईला यातलं अवाक्षर कळता कामा नये, वहिनी. गेल्याच वर्षी तिच्या काळजात जाळी बसवलीय. शिचुनला आफ्रिकेत धरणाच्या कामावर पाठवलंय, तिथं फोन लागत नाही, असं सांगायचं. नवं वर्ष होऊ दे, मग बघू."

म्हाताऱ्या माणसापासून वाईट बातमी लपवायची, हीच त्या मुलखातली माया. त्याला खोटेपणा कुणी म्हणत नाही. पण नवं वर्ष झालं, लावणी झाली, तरी शिफेनचं "मग बघू" काही संपेना. राख गावी न्यायची तर आईला सांगावं लागणार, म्हणून शिचुन शहरातच राहिला, दहनगृहाच्या एका फडताळात. ह्वेईयिंग कपडे अल्टर करायच्या दुकानात दिवसभर मशीन चालवायची आणि घरी आली की भिंतीवरच्या त्याच्या काळ्या-पांढऱ्या फोटोशी बोलायची.

मग शिफेनच्या तोंडून एकदा निसटलं, की उन्हाळ्यातल्या होड्यांच्या शर्यतींच्या सणापर्यंत शिचुन परत येईल. म्हातारीनं ते शब्द घट्ट धरून ठेवले. "मी येते गं," तिनं फोनवर सुनेला सांगितलं. "तो उतरला की समोर मी दिसले पाहिजे."

ह्वेईयिंगच्या तोंडचं पाणी पळालं. नका येऊ, असं सुनेनं सासूला तोंडावर कसं म्हणायचं? तिनं दुसरी वाट काढली. येण्याच्या वाटेवर जेवढी म्हणून संकटं होती, ती एकेक करून म्हातारीला सांगायला सुरुवात केली. सगळी खरी होती, हीच त्यातली लबाडी.

"आई, ओळखपत्राशिवाय स्टेशनच्या दारातसुद्धा उभं करत नाहीत. तिकिटावर तुमचंच नाव लागतं."

"आई, उत्तर स्टेशनला दोन चौक आहेत, उत्तरेचा आणि दक्षिणेचा. एकातून दुसऱ्यात चालत जायची सोय नाही. भलत्या बाजूला उतरलात तर दिवस बुडाला."

"बाहेर बायका-बाप्ये हात धरतात, 'चला मावशी, स्वस्तात सोडतो' म्हणून. त्यांच्या गाडीत बसलात की कापलेच तुम्हाला."

"इथं डोंगरउतारावर घरं, नुसता पत्ता सांगून भागत नाही, आई. वरच्या रस्त्यानं आलात तर आमचं घर तीन मजले खाली, खालच्या रस्त्यानं आलात तर आठ मजले वर, आणि लिफ्ट नाही. फोनमधला नकाशासुद्धा गोंधळतो."

एवढं ऐकल्यावर दुसरी कुणी असती तर घरात बसली असती. पण म्हातारीला वाटलं, सून किती जीव लावते. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक गोष्ट फोनवर पुन्हा पुन्हा ऐकायची आणि पाठ करायची. गावातल्या किराणावाल्याकडे जाऊन फोनवरून पैसे द्यायला शिकली. तिथल्या बायकांसमोर तोरा मिरवायला लागली, "तुमच्या सुना तुम्हाला साधा चहा विचारत नाहीत. माझी मला अख्खं शहर शिकवतेय." हे शिफेननं हसत हसत सांगितलं, तेव्हा ह्वेईयिंग मशीन थांबवून दुकानाच्या मागे जाऊन रडली.

सणाला अजून अवकाश होता. तोवर फोटो उतरवून शेजारच्या लो आजींकडे ठेवायचा, असं तिनं ठरवलं होतं. ठरवायची रोज आणि रोज पुढे ढकलायची. फोटो उतरवला की भिंत रिकामी होणार, आणि तेवढंच तर उरलं होतं तिच्याकडे.

एका सकाळी दुकानात असताना फोन वाजला. म्हातारीचा खणखणीत आवाज. "सूनबाई, आले बरं का. उत्तर चौकात उभी आहे. शिफेनला सांगितलंच नाही, तिनं अडवलं असतं."

ह्वेईयिंगनं मशीनवरची पॅन्ट तशीच टाकली आणि धावत सुटली. आधी घरी जाऊन फोटो उतरवावा की आधी सासूला गाठावं? म्हातारीला एकटीला किती वेळ उभं ठेवायचं, म्हणून ती स्टेशनकडे निघाली. आणि डोकं असं फिरलेलं, की सासूला ज्याची भीती घातली होती तेच तिच्या हातून झालं. ती दक्षिण चौकात उतरली. हाका मारून, पोलिसाला विचारून झालं, तेव्हा चूक ध्यानात आली. फेरा घालून उत्तर चौकात पोचली, तर तिथं कुणी नाही. फोन लावला तर उचलेना.

घामाघूम होऊन ती घराच्या जिन्यात आली, तेव्हा म्हातारी दारासमोर पायरीवर बसली होती. शेजारी पाटी, पाटीत धुरावलेलं डुकराचं मांस, बांबूच्या पानात बांधलेले चिकट भाताचे लाडू, आणि पाय बांधलेलं एक बदक.

"अगं, कुठं होतीस?" म्हातारी हसत म्हणाली. "वाट बघून कंटाळले. मग जांभळ्या रेघेची मेट्रो धरली, वरच्या रस्त्यानं आले. एकदासुद्धा चुकले नाही. एक बाई हात धरत होती, तिला म्हटलं, हट, माझ्या सुनेनं मला सगळं सांगितलंय."

ह्वेईयिंगच्या हातात किल्ली होती. ती तिनं मुठीत झाकली.

"आई, दमला असाल. आधी खाली जाऊन गरम शेवया खाऊ या."

"गाडीत खाल्लंय मी. दार उघड. बदकाला पाणी पाजायचंय."

"कुलूप जरा अडकतंय. लो आजींकडे बसता का तोवर?"

म्हातारीचं हसू मावळलं. ती उठून उभी राहिली. "पोरी, खरं सांग. इतके महिने तू हे असं, ते तसं सांगत होतीस. मला वाटत होतं, मी यावं म्हणून सांगतेस. मी येऊ नये म्हणून सांगत होतीस का? मी नकोशी आहे का तुला?"

शिफेनला दिलेला शब्द पाळायचा तर "हो" म्हणणं पुरेसं होतं. म्हातारी रागानं परत गेली असती, आयुष्यभर सुनेच्या नावानं बोटं मोडली असती आणि मुलगा आफ्रिकेत सुखरूप राहिला असता. ह्वेईयिंगनं ते एक अक्षर ओठांवर आणूनही बघितलं. पण पाठ केलेला रस्ता तुडवून ही बाई एकटी इथवर आली होती. तिनं दार उघडलं.

फोटो समोरच होता. खाली नैवेद्याचा दारूचा पेला, दोन संत्री.

म्हातारी पडली नाही की किंचाळली नाही. जवळ गेली आणि पदार्थ नीट शिजलाय का बघावं तशी वाकून बघत राहिली.

"कधी?"

"भातकापणीच्या वेळी."

"म्हणजे नव्या वर्षाला मी त्याचा जेवणाचा वाडगा पितरांत नाही, जिवंत माणसांत मांडला." तिनं वळून सुनेच्या खांद्यावर मूठ मारली. मग आणखी एक. त्यात जोर नव्हता. तिसरी मारायला गेली आणि तिचा हात खांद्यावरच राहिला. मग दोघी जमिनीवर बसल्या आणि इतक्या महिन्यांचं रडणं एकदमच बाहेर आलं. ह्वेईयिंगला आजवर गळा मोकळा करून रडायलाही सोबत मिळाली नव्हती.

पुष्कळ वेळानं म्हातारीनं विचारलं, "आहे कुठं तो?"

"दहनगृहात. फडताळात."

"एकटा?"

"एकटाच, आई."

"परक्या गावी वारलेल्याला घरी नेताना प्रत्येक वळणाला, प्रत्येक पुलाला नावानं हाक मारून सांगावं लागतं, नाहीतर तो मागेच राहतो," म्हातारी म्हणाली. "इथले रस्ते तुला ठाऊक. तू सांग."

दुसऱ्या दिवशी दहनगृहातून त्या गावाकडे निघाल्या. लाल कापडात बांधलेली राखेची पेटी सुनेच्या छातीशी, तिच्यावर काळी छत्री धरून सासू. ह्वेईयिंग सांगत चालली. शिचुन, पायऱ्या आल्या, उतर. शिचुन, आता डावीकडे. उत्तर चौक, शिचुन, दक्षिणेचा नाही, मागे राहू नकोस. लोक वळून बघत होते, तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

गाडी नदीवर आली तेव्हा मात्र तिचा आवाज बसला. "पूल आला, शिचुन," ती जेमतेम पुटपुटली.

म्हातारीनं तिच्या दंडाला धरलं. "जरा मोठ्यानं सांग, पोरी. डाव्या कानानं कमी ऐकू येतं त्याला."