चुकीच्या जागचा थांबा

त्सोंका द्रुमेवाच्या नवऱ्याला ज्याने मारलं त्याचं नाव वेलिझार कुन्चेव. हे नाव ती दिवसातून एकदा तरी मोठ्याने घ्यायची, भांडी घासताना किंवा मिरच्या भाजताना, म्हणजे विसरायला नको. विसरण्याचा तिचा स्वभाव नव्हताच, पण खबरदारी घेतलेली बरी.

बारा वर्षांपूर्वी, सतरा ऑक्टोबरच्या सकाळी, तिचा नवरा मेतोदी थांब्यावर बसची वाट पाहत उभा होता. पूर्वेकडून सोफिया शहरात येणारा हमरस्ता तेव्हाही सकाळी तुंबलेलाच असायचा. थांब्याला लागूनच कुन्चेवचं फरश्यांचं आणि संडासाच्या भांड्यांचं भलंमोठं दुकान. कुन्चेव फाटकातून गाडी घेऊन निघाला, त्याने पुढची रांग पाहिली, आणि रांगेत उभं राहणं त्याच्या रक्तातच नसल्यामुळे बस थांबायच्या जागेतून गाडी दामटली. तिथे मेतोदी होता. त्याच्या हातातला पाव-चीजचा डबा त्सोंकाला नंतर जसाच्या तसा परत मिळाला, झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

कोर्टात कुन्चेव म्हणाला, "थांबाच चुकीच्या जागी होता." एवढं एकच वाक्य. माफी नाही, मान खाली नाही. वकिलाने त्या वाक्याला नकाशे जोडले, आणि शिक्षा झाली ती कागदावरची, दोन वर्षं घरीच बसून भोगायची. वर काय, तर कुन्चेवच्याच अर्जावरून थांबा दोनशे मीटर पुढे, पेट्रोल पंपापाशी हलवण्यात आला. याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. म्हातारीकोतारी माणसं तेव्हापासून पिशव्या घेऊन पंपापर्यंत तंगडतोड करायला लागली.

थांब्याचा जुना लोखंडी खांब मात्र कुन्चेवच्या फाटकासमोर तसाच राहिला, कारण तो उपटायचं काम कुणाच्या यादीत नव्हतं. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो आणि चार ओळी छापून दारावर, झाडावर, खांबावर चिकटवतात, आणि मग दर वर्षी त्या दिवशी पुन्हा. असल्या कागदाला कोणी हात लावत नाही. ऊनपाऊस काय करतील ते करोत. त्सोंका दर सतरा ऑक्टोबरला पिठाची खळ शिजवायची आणि मेतोदीला त्या खांबावर चिकटवून यायची. दुपारपर्यंत कुन्चेवचा रखवालदार येऊन तो खरवडून टाकायचा. एका वर्षी त्याच्या हातून खरवडणी तिथेच पडली. त्सोंकाने ती उचलून आणली आणि स्वयंपाकघरातल्या खणात, चांगल्या सुऱ्यांच्या शेजारी ठेवली.

मग बातमी आली की हमरस्ता नव्याने बांधणार. दोन्ही बाजूंना कडेची एकेक मार्गिका फक्त बससाठी, मध्ये दुभाजक, लांबलचक नव्या बस आणि उंच थांबे. जुने खांब सगळे जाणार. कुन्चेव दुकानात म्हणाला म्हणे, "सुंठीवाचून खोकला गेला." हे त्सोंकाला बेकरीवालीने सांगितलं, आणि सांगून झाल्यावर दोन पावलं मागे सरकली.

रस्त्याच्या कडेला कामाची माहिती द्यायला एक टपरी उभी राहिली होती. तिथे रालित्सा नावाची तरुण इंजिनिअर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायची.

"काकू, तक्रार असेल तर हा अर्ज भरा."

"तक्रार नाही, प्रश्न आहे. थांबा कुठे येणार हे कोण ठरवतं?"

"माणसं ठरवतात. चढणारे जिथे जास्त, तिथे थांबा. तुमच्या भागातले सगळे पंपापाशी चढतात."

"थांबा तिथे नेलात म्हणून चढतात, बाई. बैल खुंट्यापाशीच सापडणार. त्याला बांधलाय तिथे."

रालित्सा हसली. बिया बाजूला ठेवून तिने नकाशा उलगडला. "मग माणसं निघतात कुठून?"

"ते मी सांगेन. आधी मला हे सांग, थांब्याच्या लांबीत एखाद्याचं फाटक आलं तर?"

"फाटक बंद. एकामागे एक दोन बस उभ्या राहणार, चाळीस मीटर सलग कठडा. त्यात खाच ठेवता येत नाही."

"कोणासाठीच नाही?"

"राष्ट्राध्यक्षांसाठीसुद्धा नाही."

त्या रात्री त्सोंकाला बारा वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

अठ्ठावीस वर्षं ती ट्रॉलीबसवर कंडक्टर होती. गर्दी मोजायची तिची रीत जुनी होती. उजव्या खिशात पांढऱ्या घेवड्याचे दाणे, माणूस दिसला की एक दाणा डाव्या खिशात. दुसऱ्या दिवसापासून ती घडीची खुर्ची घेऊन जुन्या खांबाखाली बसली, सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ, असे चाळीस दिवस. गेलेल्या माणसासाठी चाळीस दिवस पाळतातच, तिने ते उशिराने पुन्हा पाळले. इमारतींमधून कोण निघतं, कोण पंपाकडे चालत जातं, कोण अर्ध्या वाटेत दमून भिंतीला टेकतं, सगळं वहीत उतरलं. कुन्चेव फाटकातून येता-जाता काच खाली करून विचारायचा, "काय ए कंडक्टर, तिकिटं फाडतेस का?"

"फाडतेय," ती म्हणायची. "तुझं शेवटी फाडीन."

वाचनालयाच्या सभागृहात पालिकेच्या साहेबांसमोर सुनावणी झाली तेव्हा वही रालित्साच्या हातात होती. दहापैकी आठ माणसं जुन्या खांबाच्या बाजूने येतात, तिने वाचून दाखवलं. तिच्या माणसांनीही आठवडाभर मोजून पाहिलं होतं, फरक पडला तो सात माणसांचा. थांबा जुन्या जागीच यायला हवा, असं तिचं मत पडलं.

कुन्चेव उठला. अंगावर चांगला कोट होता, आवाजात तूप. "आकडे ठीक आहेत. पण मंडळी, त्या जागी एक माणूस गेलाय. तिथे पुन्हा थांबा म्हणजे पुन्हा जीव धोक्यात. मला तरी ते बघवणार नाही."

मेतोदीचं मरण हा माणूस स्वतःच्या फाटकासाठी वापरत होता. क्षणभर तिला वाटलं, उठून खुर्चीच घालावी याच्या डोक्यात. ती उठली, पण खुर्ची जागेवर राहू दिली.

"गेलाय कुठला? घालवलास तू त्याला! थांबा होता म्हणून मेला नाही माझा नवरा, तू थांब्यात गाडी घातलीस म्हणून मेला. आता तिथे केवढा कठडा येणार, रालित्साबाई?"

"तीस सेंटिमीटर उंच, काँक्रीटचा. सळया घातलेला."

"ऐकलंस? आता घालून दाखव गाडी."

मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली, मग पुढच्यांनी, मग भिंतीला टेकणाऱ्या त्या सगळ्या म्हाताऱ्यांनी. त्सोंकाने बसण्यापूर्वी आणखी एक मागणी केली. नव्या काचेच्या थांब्यांवर काही चिकटवायला बंदी असते असं ऐकलंय, तर तिथे एक लाकडी फळी द्यावी. "आमच्याकडे माणसं मरतात, साहेब, आणि आम्ही ती चिकटवतो. फळी नाही दिलीत तर काचेवर चिकटवू." थांबा जुन्या जागीच मंजूर झाला, आणि फळीही.

कठड्याचं काँक्रीट ओतलं त्या दिवशी ती गरम मेकित्सा, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या फुगीर पुऱ्या, तळून कामगारांसाठी घेऊन गेली, वर पिठीसाखर भुरभुरवून. फाटकासमोर लाकडी साचे लागले, सळया आल्या, करडा गारा पडला आणि कामगारांनी थापीने तो सपाट केला. तिने पाहून घेतलं, अगदी शेवटच्या वीतभर जागेपर्यंत. तिला आनंद झाला. तो दडवण्याचं तिला काही कारण दिसलं नाही, आणि मलाही दिसत नाही. पुढच्या आठवड्यात फरश्यांनी भरलेला ट्रक आला, कठड्यापाशी थबकला, भोंगा वाजवला आणि निघून गेला. त्सोंका बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तो भोंगा तिने चिमटे हातात धरून शेवटपर्यंत ऐकला.

नाक दाबलं की तोंड उघडतं. दुकानात मागून शिरायला एकच वाट उरली होती, त्सोंकाच्या इमारतीच्या अंगणातून. अंगण रहिवाशांचं. आणि रहिवाशांनी नऊ वर्षांपूर्वी एकमताने निवडलेली इमारतीची व्यवस्थापक कोण, तर त्सोंका द्रुमेवा. अंगणातून कोणी जायचं न जायचं ते तिच्या सहीवर.

सप्टेंबरात कुन्चेव तिच्या दारात उभा राहिला, हातात चॉकलेटचा डबा. तिने त्याला आत बोलावलं नाही, कॉफी विचारली नाही. पायपुसण्यावरच उभं ठेवलं. जिन्यात वर-खाली तीन दारं किलकिली झाली.

"त्सोंकाबाई, धंदा बसलाय माझा. चौदा माणसं कामाला आहेत."

"तेव्हा मी 'ए कंडक्टर' होते."

"चुकलं. अंगणातून वाट द्या. काय म्हणाल ते करतो."

"काय म्हणेन ते?"

"काय म्हणाल ते."

"मग ऐक. वाट मिळेल एका वर्षासाठी. लहान गाड्या, सकाळी आठ ते दहा. दर वर्षी सही नव्याने घ्यायची, सतरा ऑक्टोबरला, सकाळी साडेसातला, नव्या थांब्यावर. आणि सहीच्या आधी मेतोदीचा कागद तू तुझ्या हाताने फळीवर लावायचा. रखवालदार चालणार नाही."

कुन्चेवचा चेहरा लाल झाला, मग उतरला. "बरं," तो म्हणाला.

"आणि तो चॉकलेटचा डबा परत ने. मला मधुमेह आहे."

सतरा ऑक्टोबरला थांबा भरलेला होता. डाव्या बाजूच्या गाड्या नेहमीसारख्या अडकलेल्या, आणि कडेची लाल रंगवलेली मार्गिका बससाठी मोकळी. कुन्चेव आला तो पायी. त्याच्या गाडीला आता तिथे यायला जागाच नव्हती. त्सोंकाने त्याच्या एका हातात खळीचं पातेलं दिलं, दुसऱ्यात गुंडाळी. त्याने ती उलगडली. फोटोतला मेतोदी चेक्सचा शर्ट घालून हसत होता. खाली दर वर्षी 'दुर्दैवी अपघातात' असायचं. या वर्षी छापलं होतं, 'वेलिझार कुन्चेवने थांब्यात गाडी घालून मारलं.'

"हे असं?" तो पुटपुटला. "सगळ्यांसमोर?"

"तू मारलंस तेही सगळ्यांसमोरच."

त्याने ब्रश बुडवला. खळ बाहीवर ओघळली. कागद तिरका बसला, तो त्याने सोडवून पुन्हा लावला. रांगेतली माणसं बघत होती. पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या बघत होत्या, आणि बेकरीवालीने तर दुकानाला कुलूपच लावलं होतं.

"डावा कोपरा सुटलाय," त्सोंका म्हणाली. त्याने कोपरा दाबला. "तोंडावर बुडबुडा आहे." त्याने तळव्याने मेतोदीच्या गालावरचा बुडबुडा काढला.

मग तिने पिशवीतून खरवडणी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"आता खरवड. दर वर्षी खरवडतोस ना? दुपारपर्यंत कशाला थांबायचं?"

त्याने ती हातात घेतली. ओळखली असावी, कारण मुठीवर त्याच्या दुकानाचा शिक्का होता. हात वर झाला, फळीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. त्सोंका वाट पाहत होती. बारा वर्षं पाहिली होती, आणखी थोडी पाहायला हरकत नव्हती.

"थांबा बरोबर जागी होता," तो फळीकडे तोंड करून म्हणाला.

"मोठ्याने. बस येतेय, ऐकू येत नाही."

"थांबा बरोबर जागी होता!" तो ओरडला, आणि आवाज मधेच फाटला. "मी गाडी घातली. मी मारलं त्याला."

बस आली. लाल मार्गिकेतून सरळ, न अडखळता, आणि दारं बरोबर थांब्याच्या कडेला लागून उघडली. त्सोंकाने वाटेचा कागद काढला, मेतोदीच्या फोटोशेजारी फळीवर टेकवून एका वर्षाची सही केली आणि खरवडणी काढून घेऊन पिशवीत टाकली. कुन्चेव बाहीवरची खळ पुसत तसाच उभा होता. ती बसमध्ये चढली, पहिल्याच पायरीवर वळली.

"पुढच्या वर्षी खळ तू करून आण," ती म्हणाली. "मंद आचेवर ढवळत राहा. गाठी झालेल्या मला चालणार नाहीत."