आल्बेर्तेला न पटलेलं पान

एका बेटावरच्या फोबोर्ग गावात, शाळेच्या वाचनालयात गुर्ली मुलांना पुस्तक वाचून दाखवत होती. पुस्तक अजून छापायचं होतं, तिच्या हातात होती ती चिकटवाचिकटवी केलेली कच्ची प्रत. संगीतकारांवरचं हे तिचं चौथं चित्रपुस्तक. मजकूर अस्गेरचा, चित्रं तिची. छापखान्यात धाडण्याआधी पुस्तक दुसरीच्या वर्गाला दाखवायचं आणि पोरं जिथे जांभया देतील ते पान बदलायचं, असा तिचा शिरस्ता होता.

या खेपेला कार्ल नील्सेन. याच बेटावरचा, गरीब रंगाऱ्याच्या घरात वाढलेला. लहानपणी सरपणाची रास बडवताना त्याला त्यात सूर सापडले, ही गोष्ट इथे सगळ्यांनाच ठाऊक. गुर्लीने त्यावर दोन पानं भरून चित्र काढलं होतं. मुलगा रास बडवतोय आणि प्रत्येक ओंडक्यातून एकेक पक्षी उडतोय. बारक्या ओंडक्यातून चिमणीएवढा पिवळा, लठ्ठ ओंडक्यातून निळा बगळा. या पानावर कुणी जांभई दिली नाही.

"पण असं होत नाही," एक आवाज आला.

ती आल्बेर्ते होती. सात वर्षांची, पुढचे दात पडलेली.

"काय होत नाही?" गुर्लीने विचारलं.

"आमच्या घरामागे एवढी मोठी रास आहे. मी कितीदा बडवलीये. सगळी लाकडं नुसती ठक् म्हणतात."

गुर्ली हसली. "अगं, ही कल्पना आहे. लाकडातून पक्षी तरी कुठे निघतात?"

"पक्षी तू मनाने काढलेस, ते कळतं मला. मी आवाजाचं विचारतेय. तो खरा आहे ना? तू वाजवून बघितलास?"

गुर्लीच्या ओठांवर 'हो' आलं होतं. ते तिने गिळलं.

"नाही," ती म्हणाली.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

वाचनालय सांभाळणारी बोदिल टेबलामागून उठली. "मग बसलोय कशाला? शेकोटीची लाकडं आहेत की मागे. घाला कोट."

सगळा वर्ग मागच्या अंगणात गेला. मुलांनी दगड घेतले, काठ्या घेतल्या आणि रास चहूबाजूंनी बडवली. ठक्, थड्, बद्द. वरचा ओंडका, खालचा ओंडका, जाडा, बारीक, सगळ्यांचा एकच सूर, आणि त्याला सूर म्हणणंही जिवावर यावं असा.

"कार्लच्या कानातच काहीतरी बिघडलं असणार," माग्ने नावाचा मुलगा म्हणाला आणि सगळी खिदळली. आल्बेर्ते हसली नाही.

"कार्ल खोटं बोलला का?" तिने गुर्लीला विचारलं.

"माहीत नाही गं. शोधून सांगते."

घरी पोचल्या पोचल्या गुर्लीने अस्गेरला फोन लावला. अस्गेरने हयातभर शाळेत संगीत शिकवलेलं. त्याने ऐकून घेतलं आणि लांब उसासा टाकला.

"बाई, ती आठवण नील्सेनने स्वतः सांगितलेली आहे. चित्र झकास झालंय. जाऊ दे ना छापायला. कोण जाणार आहे लाकडं बडवायला?"

"आल्बेर्ते."

"ही कोण आता?"

"आहे एक. दात नाहीत, पण चावते."

फोन ठेवून ती खिडकीशी उभी राहिली. तिला स्वतःला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. आधीच्या तीन पुस्तकांत तिने केसांचे टोप काढले, कोटांची बटणं काढली, पियानोचे पाय काढले. या माणसांना काय ऐकू येत होतं, ते मात्र ती दर वेळी अस्गेरवर सोपवून मोकळी झाली होती. आज पहिल्यांदाच तिला ते जाणून घ्यायचं होतं. तिने हातोडी घेतली आणि सरपणाच्या छपराखाली गेली.

तिच्याही राशीने ठक् म्हटलं. ती हट्टाने बडवत राहिली. तेवढ्यात वरचा एक बर्चचा ओंडका घरंगळून खालच्या फरशीवर पडला, आणि पडता पडता 'टोंग' असा स्वच्छ वाजला.

गुर्ली जागच्या जागी थबकली. तिने तो उचलून मुठीत घट्ट धरून वाजवला. मुका. राशीत परत खोचून वाजवला. मुका. फरशीवर टाकला, आणि तो पुन्हा बोलला. म्हणजे शेजारच्यांनी दाबून धरलं की याचा आवाज बंद! ती दोरीचं भेंडोळं शोधून आली, दोन पदर जमिनीवर पसरले आणि त्यांवर ओंडका आडवा ठेवला. हातोडीऐवजी लाकडी पळीने हलकेच मारलं. टोंग. मग दुसरा, त्याहून आखूड. टिंग. ओले ओंडके बद्दच राहिले, पण वाळलेले, तडा न गेलेले एकेक करून बोलायला लागले. अंधार पडला तेव्हा तिच्या गुडघ्यांना माती लागली होती आणि कॉफी घ्यायची राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने गाडीत लाकडंच लाकडं भरून शाळेत नेली. फारसं समजावून सांगावं लागलं नाही. मुलांनी ओंडके दोऱ्यांवर मांडले, कुणाचा आवाज वरचा यावरून भांडून पुन्हा मांडले. वाढदिवसाच्या गाण्याची पहिली ओळ जवळजवळ जमली. एकच सूर मिळेना. बोदिलने करवत आणली आणि एका ओंडक्याचा जरासा तुकडा कापला.

"अजून थोडा," आल्बेर्ते कान लावून म्हणाली. "अजून. थांब! अरे देवा, गेला वर."

"आता चिकटव परत," माग्ने म्हणाला.

गुर्लीने ते पान नव्याने काढलं. रास तशीच मागे होती, पण तिच्यातल्या पक्ष्यांच्या नुसत्या चोची बाहेर, अंग आत अडकलेलं. उडत होते ते फक्त खाली मोकळ्या ठेवलेल्या ओंडक्यांतले. अस्गेरने ते पाहिलं आणि पेन्सिल घेऊन आपल्या मजकुरातलं एक अख्खं वाक्य खोडलं.

पुढच्या आठवड्यात तो स्वतःच वर्गावर आला. येताना नील्सेनच्या एका सिंफनीची तबकडी घेऊन आला होता. मुलांचे डबे उघडे होते, राय धान्याच्या काळ्या पावाचा वास सुटला होता. सुरुवातीला माग्ने बाकावर आडवा झाला, दोघीजणी कुजबुजत राहिल्या. शेवटाकडे दोन नगारे एकमेकांवर तुटून पडले तशी आल्बेर्तेचा घास हातातच राहिला.

"दोघंजण आहेत?" तिने विचारलं.

"दोघंजण. समोरासमोर," अस्गेर म्हणाला.

"कशावरून भांडतायत?"

अस्गेरने गुर्लीकडे पाहिलं. गुर्लीने खांदे उडवले.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "पुन्हा ऐकूया?"

"नगाऱ्यांपासून नको," आल्बेर्ते म्हणाली. "पहिल्यापासून लाव. भांडण कुठे सुरू झालं ते बघू दे."