पाठीवरची पाटी

मित्रांनो, मी चोवीस इंचांचा एक जुना टीव्ही आहे. माझ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात हिरवट रेघ उमटली आहे आणि आवाजही आता घोगरा झाला आहे. तरी तक्रार करावी असे मनात येत नाही. माझ्या वाट्याला माणसे फार चांगली आली.

माझा जन्म जावा बेटावरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझ्या पोटात डिजिटल प्रक्षेपण पकडणारा भाग बसवला, पाठीवर बारीक अक्षरांची पाटी चिकटवली आणि कपाळावर ‘डिजिटलसाठी सज्ज’ असा निळा स्टिकर लावला. त्या स्टिकरचा मला भारी अभिमान होता.

तिथल्याच पुरवोरेजो शहराच्या बाजारात, मास दार्सोनोंच्या, म्हणजे दार्सोनोदादांच्या, दुकानात मी काचेमागे उभा राहिलो. सकाळचे ऊन थेट तोंडावर येई. डिंक वाळला आणि एक दिवस स्टिकर गळून पडला. मास दार्सोनोंनी तो उचलला. कुठला होता ते त्यांना आठवेना, म्हणून शेजारच्या मोठ्या टीव्हीला लावून टाकला. त्याच्या पोटात तो भाग नव्हताच! मला ते ठाऊक होते, पण सांगणार कसे? त्यानंतर गिऱ्हाइके माझ्यावरून नुसती नजर फिरवून पुढे जात.

त्याच महिन्यात आमच्या भागातले जुने प्रक्षेपण बंद होऊन फक्त डिजिटल उरले. सोयाबीनचे तेंपे विकणाऱ्या बू सुमिनी, म्हणजे सुमिनीबाई, आल्या आणि स्टिकर पाहून तो मोठा टीव्ही घेऊन गेल्या. पुढच्या शनिवारी तोच टीव्ही स्कूटरवर बांधून त्या परत आल्या.

“मास, हा काय प्रकार आहे? दहादा वाहिन्या शोधल्या, एक दिसेल तर शपथ! नुसत्या मुंग्या!”

“अँटेना हलली असेल, बू.”

“अँटेना बरी आहे, शेजारच्या शिक्षिकेनं बघितलीय. अहो, उद्या दुपारी आमच्या गावच्या लारासची बॅडमिंटनची फायनल आहे. तिच्या पहिल्या रॅकेटच्या तारा माझ्या सासऱ्यांनी ओढल्या होत्या. त्यांना आता घराबाहेर पडवत नाही, आठवडाभर त्या मुंग्यांसमोर बसलेत ते. काय सांगू त्यांना?”

बू सुमिनींनी चष्मा लावला आणि दुकानातला एकेक टीव्ही पाठमोरा करायला सुरुवात केली. काहींवर मोठ्या अक्षरांत ‘डिजिटल चित्र’, ‘डिजिटल आवाज’ असे लिहिले होते.

“चित्र डिजिटल, आवाज डिजिटल, मग प्रक्षेपण पकडणार कोण, माझी सासू?”

शेवटी त्या माझ्यापाशी आल्या. शिक्षिकेने तळहातावर लिहून दिलेली अक्षरे त्यांनी माझ्या पाटीशी ताडून पाहिली. डीव्हीबी-टी२, म्हणजे माझ्या पोटातल्या त्या डिजिटल भागाचेच नाव.

“हा घ्या! याच्या कपाळावर काही नाही, पण पाठीवर सगळं आहे. आता इथंच अँटेना लावून दाखवा.”

अँटेना लागली आणि माझ्या पडद्यावर एकामागून एक वाहिन्या उतरल्या. मास दार्सोनोंचे कान लाल झाले.

“चूक माझी, बू. तो स्टिकर मीच तिकडे लावला होता.”

“मग घरी येऊन हा तुम्हीच बसवून द्या.”

त्यांनी मला स्वतः उचलून नेले आणि छपरावर चढून अँटेनाही जोडून दिली.

रविवारी लारास तिसऱ्या गेममध्ये हरली. घरात सगळे हळहळले. सासरे म्बाह कार्तो, म्हणजे कार्तो आजोबा, मात्र माझ्या अगदी जवळ सरकून फटक्यांचा आवाज ऐकत होते.

“तारा सैल पडल्यात पोरीच्या,” ते म्हणाले. “ये म्हणावं, मी ओढून देतो.”

बू सुमिनींनी तसा निरोप धाडला. सणाला लारास खरोखरच रॅकेट घेऊन आली. आजोबांनी तारा ओढल्या आणि ती शेजारी बसून त्यांना टोक धरून देत होती.

आता म्बाह कार्तो नाहीत. शेजारपाजारच्या बायका टीव्ही घ्यायला निघाल्या की बू सुमिनींना सोबत नेतात.

मित्रांनो, आम्हाला विकत घेताना दोन मिनिटे थांबा. चकचकीत शब्दांवर भुलू नका, पाटी वाचा, समजले नाही तर विचारा आणि दुकानातच लावून बघा. घरी आणल्यावर धुळीपासून, ओलीपासून जपा. घराबाहेर न पडू शकणारे एखादे माणूस आमच्यातूनच आपल्या माणसांना भेटत असते. त्याच्यासमोर आमचा पडदा कोरा राहू देऊ नका.