सासूबाईंच्या गालावरचे वण

हनोईच्या जुन्या पेठेत दोआन मेलेल्या माणसांची चित्रं काढून देई. काजळीची पूड, एक कुंचला आणि मृताचा एखादा पुसट फोटो, एवढ्यावर तो पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवायला जिवंत माणूस उभा करी. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं, आणि गिऱ्हाईक दुःखात असल्यामुळे वाद घालत नसे.

त्याचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे सासूबाईंचं चित्र. आलेल्या गिऱ्हाइकाला तो माडीवर नेऊन त्यासमोर उभा करी.

"ही जबड्याची रेघ बघा, कुंचला मध्ये कुठे उचललेला नाही. हा गालावरचा उजेड कुठे संपतो, सांगा बघू. आणि पोत? नुसती साय."

बायको थोआ चहा ठेवून तडक खाली जाई. बिचारी भारावून जात असेल, असं दोआन वीस वर्षं धरून चालला होता.

आमच्याकडे शहाणी माणसं हिंडतीफिरती असतानाच देव्हाऱ्यासाठी स्वतःचं चित्र करून ठेवतात. यंदा थोआनेही भाजी निवडता निवडता विषय काढला.

"उद्याच बसतो," दोआन बाह्या सरसावत म्हणाला.

"तुम्ही नका. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याला सांगितलंय मी."

दोआनचा चेहरा पडला. अख्ख्या पेठेचे पितर याच्या हातचे, आणि घरची बायको फोटोवाल्याकडे!

"माझ्या हाताला काय धाड भरलीय?"

"हाताला काही नाही हो. आईला लहानपणी देवी आल्या होत्या. गालभर वण होते तिच्या. तुम्ही एकूण एक पुसलेत. रोज उदबत्ती लावते आणि मनात म्हणते, बाई, तुम्ही कोण ते ठाऊक नाही, पण आमची आई कुठे भेटली तर तिला निरोप सांगा."

"मला वाटलं, फोटोला बुरशी लागलीय," दोआन पुटपुटला. जुन्या फोटोवरचे डाग साफ करायचे, ही धंद्याची सवयच.

तो माडीवर गेला. रेघ सुरेख, उजेड सुरेख, आणि बाई साबणाच्या जाहिरातीतली. वा रे उस्ताद, तो स्वतःला म्हणाला, जिच्या हातचं इतकी वर्षं जेवलास, तिला बुरशी समजून पुसलंस. त्याला फार लाज वाटली. चित्र दुरुस्त करावं म्हटलं, तर एकही वण आठवेना.

शेवटी त्याने थोआला वर बोलावलं. "नक्की कुठे होते, दाखव."

"असं कसं सांगू? बोटांना माहीत आहे फक्त. लहानपणी तिच्या गालावर हात ठेवून झोपायची मी."

मग ती त्याच्यासमोर बसली, डोळे मिटले आणि त्याच्याच गालावर बोटं फिरवू लागली. इथे एक. इथे दोन, जोडून. हा नाकाजवळचा खोल. दोआन सासूबाई होऊन गप बसला आणि बोट टेकेल तिथे चित्रावर काजळीचा ठिपका देत गेला. प्रत्येक ठिपक्याच्या कडेला खोडरबराने चिमूटभर उजेड काढला. साय पार नासली.

थोआने डोळे उघडून चित्राकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "अगं, गुडघे फार दुखतात हल्ली. आणि धाकटीचं लग्न झालं, तुला सांगायचंच राहिलं. आणि हे, ह्यांचं तर बोलायलाच नको..."

दोआन हळूच उठला आणि जिना उतरला. मायलेकींच्या गप्पांना आत्ता कुठे सुरुवात झाली होती.