स्वल्पविरामानंतरचे तीन आकडे

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मबरूकाच्या टेबलावरचा संगणक बंद पडला. स्फाक्स शहराच्या बंदरामागे बदाम-पिस्ते विकणाऱ्या त्या छोट्या कंपनीत एकूण चार संगणक होते, आणि त्या उन्हाळ्यात मान टाकणारा हा तिसरा होता. मालक सी नूरी, म्हणजे नूरीसाहेब, दारात उभे राहून म्हणाले, "पुरे झालं. चारही बदला. आणि हे बघा, निवड मबरूका करेल. दुसऱ्या कोणी नाक खुपसायचं नाही."

इतक्या वर्षांत कंपनीत तराजू आला, गाडी आली, वातानुकूलन यंत्र आलं. कारकून मबरूकाला कधी कोणी विचारलं नव्हतं. तिने मान नुसती हलवली. पण दुपारी, उन्हाळ्यात दोनलाच सुटणाऱ्या कचेरीतून घरी जाताना, ती बसमध्ये चढण्याऐवजी पायी चालत गेली, उन्हातून, सावकाश.

मालकांची मुलगी इनेस खरेदी-विक्री बघायची. ती म्हणाली, "खाला, ते बारीकवाले घ्या ना. सीपीयूचं खोकंच नसतं, सगळं स्क्रीनच्या पाठीत. सप्टेंबरात मार्सेयचे व्यापारी येतायत, त्यांच्यासमोर जरा बरं दिसेल."

"बघते," मबरूका म्हणाली.

दुकानात विक्रेता तिच्याशी बोलेचना. तिच्यासोबत आलेल्या ड्रायव्हर अनीसलाच तो विचारत राहिला, "साहेब, मेमरी किती घालू?"

"भाऊ, मी बदामाची पोती वाहतो," अनीस म्हणाला. "बाईंना विचार. माझ्या मेमरीत माझ्या बायकोचा वाढदिवसही राहत नाही."

विक्रेत्याने नाइलाजाने तोंड वळवलं. मबरूकाने एकच अट सांगितली: एक यंत्र दोन दिवस आमच्या कचेरीत ठेवायचं, वापरून बघितल्याशिवाय घेणार नाही.

इनेसच्या पसंतीचं बारीक यंत्र बुधवारी आलं. पहिलं कोण बसणार, हे विचारायची गरज नव्हती. हिशेबनीस तिजानी सगळ्यांत जुने; सगळे त्यांना 'अम्म', म्हणजे काका, म्हणायचे. त्यांची बोटं आकड्यांच्या कळांवर न बघता पळायची. दिनार हजार मिलीमचा, आणि दशांश चिन्हाच्या जागी इथे स्वल्पविराम, त्यामुळे स्वल्पविरामानंतर तीन आकडे. त्यांतल्या शेवटच्या एका आकड्यासाठी त्यांनी एकदा बँकेच्या व्यवस्थापकाला खुर्चीवरून उठवलं होतं. अख्ख्या बंदरात त्यांचं नाव 'मिलीम' पडलं होतं, आणि त्यांना ते आवडायचं.

त्यांनी कालची बिलं चढवली, बेरीज घेतली आणि पाठीवर रेलून म्हणाले, "झकास! लोण्यासारखं चालतंय."

मबरूका त्यांच्या मागे उभी होती. यंत्र फ्रान्सच्या, म्हणजे युरो-सेंटच्या, हिशेबाने लावलेलं होतं. प्रत्येक रकमेत स्वल्पविरामानंतर दोनच आकडे दिसत होते. तिसरा आकडा सगळीकडून गायब होता.

आणि अम्म तिजानी झकास म्हणत होते.

गेल्या महिन्यात त्यांच्या एका बिलात तीनच्या जागी आठ पडला होता, ते तिने गुपचूप दुरुस्त केलं होतं. ते हल्ली खुर्ची इतकी पुढे ओढून का बसतात, बिलं खिडकीपाशी नेऊन का वाचतात, हे सगळं आता एकदम कळलं. इनेस फोनवर बोलत होती, तिने काही पाहिलं नव्हतं. मबरूकाने वाकून यंत्राची मांडणी बदलली आणि तीन आकडे आणले. "जरा धूळ होती स्क्रीनवर," ती म्हणाली.

दोन वाजता कचेरी सुटल्यावर तिने त्यांना जिन्यात गाठलं.

"अम्म तिजानी, तुमच्या टेबलावर मोठी स्क्रीन घेऊ का?"

ते थांबले. "का? मी आंधळा झालो?"

"तसं नाही हो..."

"मग कसं? बिलात चूक झाली? दाखव."

मबरूका एक पायरी खाली उतरून त्यांच्या शेजारी उभी राहिली.

त्यांचा आवाज खाली आला. "डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू आहे. डोळा फाडतात म्हणे. सी नूरीला कळलं तर तो म्हणेल, अम्म, आता घरी बसा, आराम करा. घरी बसून काय मोजू मी? कबुतरं? ऐक पोरी, एकट्या माझ्या टेबलावर मोठी स्क्रीन दिसली, तर मी त्याच दिवशी टोपी उचलून जाईन."

शुक्रवारी मबरूका मालकांसमोर उभी राहिली. चार साधे सीपीयू, वापरलेले पण नीट तपासलेले. चार स्क्रीन नव्या, दुकानातल्या सर्वांत मोठ्या.

इनेस हसली. "खाला, ही कचेरी की सिनेमा? आणि खाली ती काळी खोकी! व्यापारी काय म्हणतील?"

"बदाम बघतील. बदाम चांगले आहेत."

"पण एवढ्या मोठ्या कशाला?" सी नूरींनी विचारलं.

मबरूकाने हात पाठीमागे बांधले. "सी नूरी, निवड माझी, असं तुम्हीच म्हणालात. मी निवडलं. बिघडलं तर मला बोला. कारण मात्र विचारू नका."

सी नूरींनी तिच्याकडे पाहिलं. मग काचेच्या भिंतीपलीकडे, जिथे अम्म तिजानी एक बिल खिडकीच्या उजेडात धरून उभे होते, तिकडे त्यांची नजर गेली. इनेसही तिकडे वळली. तिचं हसू विरलं.

"चार," सी नूरी म्हणाले. "मोठ्या."

पुढच्या गुरुवारी यंत्रं लागली. नजर लागू नये म्हणून इनेसने स्वतः प्रत्येक स्क्रीनच्या कोपऱ्याला कापडाचा निळा मासा अडकवला. अम्म तिजानी बसले, सवयीने खुर्ची पुढे ओढली, थबकले, आणि मागे सरकले. आणखी थोडे मागे.

"हे एवढं मोठं कोणी आणलं?"

"मी," मबरूका म्हणाली. "माझे डोळे थकलेत हल्ली."

"तुझे?"

"माझे."

ते स्क्रीनकडे बघत राहिले. "एक, दोन, तीन," त्यांनी बोट न लावता मोजलं. "तिन्ही जागेवर आहेत." मग तिच्याकडे न पाहता म्हणाले, "त्या दिवशी धूळ नव्हती ना?"

मबरूका आपल्या कीबोर्डकडे वळली. "माझी भाची डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. सोमवारी सकाळची वेळ मिळू शकते. अनीसची गाडी तशीही त्या रस्त्याने जाते."

त्यांनी बिलं चढवायला घेतली.

सोमवारी आठला दहा मिनिटं कमी असताना मबरूकाचा फोन वाजला. अनीस होता.

"उतरलेत खाली. टाय बांधून आलेत, लग्नाला निघाल्यासारखे. गाडीचं दार उघडून मी उभा आहे."

"बसले?"

"अजून नाही."