अंगावर घेतलेला आळ

मच्छिंद्र राहात्याचा. कालव्याखालची जमीन, दाराशी पेरूची बाग आणि बहात्तरच्या दुष्काळातही विहिरीला पाणी, त्यामुळे बोलण्यात थोडी ऐट होती. बायको चांगुणा मात्र मिरजगावची, कोरड्या मुलखातली. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आईकडे, गोजरबाईकडे गेली होती. तिला मुलगा झाला.

बारशाला मच्छिंद्र गेला तेव्हा त्याचा ताप नुकताच गेला होता आणि खालच्या ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुबका उठला होता. ताप उतरला की त्याला असं व्हायचंच. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. बाळाचं नाव गहिनीनाथ ठेवलं. मच्छिंद्रनं त्याला पाळण्यातून उचललं, त्याच्या टाळूचे, गालांचे, ओठांचे मुके घेतले. चांगुणा हसून म्हणाली, "अवं, पुरे की. मिशा टोचत्यात त्याला."

तो राहात्याला परतला आणि आठवडाभरात मेहुण्याची, सहादेवची, तार आली. बाळ आजारी आहे, लगेच या.

मच्छिंद्र पोचला तेव्हा भर दुपार होती. सासुरवाडीच्या दारासमोरच पाण्याचा टँकर उभा होता आणि निम्मी आळी घागरी घेऊन रांगेत होती. ओसरीवर गोजरबाईच्या मांडीवर बाळ पडलं होतं. अंग तापलेलं, डोळे वर लागलेले, उजवा हात आपोआप उडत होता. सकाळपासून त्यानं दूध ओढलं नव्हतं. चांगुणा भिंतीला टेकून बसली होती, तिच्या चोळीला दुधाचे डाग पडले होते.

मच्छिंद्रनं त्या उडणाऱ्या हाताकडे बघितलं. भ्यालेला माणूस समोर दिसेल त्याच्यावर जातो, तसा तो सासूवर गेला.

"काय पाजलं माझ्या पोराला? हे टँकरचं गढूळ पानी? आमच्याकडं जनावरं तोंड लावीत न्हाईत असल्या पान्याला! नाळ तरी धड कापली हुती का? घाणीनं मारलं तुमी माझं पोर!"

रांगेतल्या बायका घागरी खाली ठेवून बघू लागल्या. गोजरबाईनं मान वर केली नाही. "बापू, आदी लेकराला नगरला न्या," ती म्हणाली. "मंग मला काय बोलायचं ते बोला."

सहादेवनं हमरस्त्यावर एक मालट्रक थांबवला. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला उघडं करून तपासलं, डोक्यावरचं जावळ बोटांनी बाजूला केलं. टाळूजवळ मोहरीएवढे फोड होते. मग त्याच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला काढलं. बाळ तेव्हाही नीट रडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी मच्छिंद्र, चांगुणा आणि गोजरबाईला आत बोलावलं. सहादेव झटक्यांचं औषध आणायला गेला होता.

"बाळाच्या मेंदूला सूज आलीय," बाई म्हणाल्या. "विषाणूमुळं. मोठ्या माणसांच्या ओठाला ताप उतरल्यावर फोड येतात ना, बहुधा तोच. मोठ्यांना त्याचं काही होत नाही, पण इतक्या कोवळ्या बाळाच्या तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्याच्यावर औषध नाही आमच्याकडे. झटके थांबवू, नळीनं दूध देऊ. घरात कुणाच्या ओठाला फोड आले होते का?"

मच्छिंद्रच्या ओठावरची खपली पडून गेली होती, तांबूस डाग तेवढा उरला होता. त्याची जीभ आपोआप तिथं गेली. चांगुणा त्याच्याकडेच बघत होती. चारचौघांत नवऱ्याचं नाव घेणं तिच्यानं होईना.

"न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "कुनाला न्हाई."

"मला आलं हुतं, बाई," गोजरबाई म्हणाली. "मीच लई मुकं घ्यायची त्याचं."

"आजी, एवढ्याशा बाळाच्या तोंडाला तोंड लावतात का?" बाईंचा आवाज चढला. "बाळाची काय दशा झालीय बघा."

"चुकलं माझं."

मच्छिंद्र बाहेर व्हरांड्यात आला. पाठोपाठ गोजरबाई आली आणि कोपऱ्यात टेकली. तेवढ्यात सहादेव औषध घेऊन परतला. डॉक्टरीण काय म्हणाली ते त्यानं आईला विचारलं, आणि तिनं त्यालाही तेच सांगितलं.

"आये! तू? एवढी वयानं म्हातारी झालीस, आन् अक्कल कुठं गेली तुजी?" सहादेव लोकांसमोरच ओरडला. "दाजी बोलले ते खोटं न्हवतं मंग!"

गोजरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मच्छिंद्रला तिथं उभं राहवेना. तो तसाच आत गेला आणि डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहिला.

"बाई, फोड मला आलं हुतं. सासूबाईंना न्हाई. मी खोटं बोललो."

"तुम्हाला माहीत नव्हतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्यात तुमचा दोष नाही." म्हातारीला मिळालेलं रागावणं त्याला मिळालं नाही. ते मिळालं असतं तर बरं, असं त्याला वाटलं.

बाहेर येऊन त्यानं सहादेवला सगळं सांगितलं. सहादेव तोंड फिरवून उभा राहिला. मग मच्छिंद्र सासूसमोर उकिडवा बसला.

"मामी, कशाला वडून घेतलं तुमी अंगावर?"

"चांगुणाला तुमच्याकडं नांदायचं हाय, बापू. तिला ठावं हाय, पर भावकीनं रोज तिच्यासमोर तुमालाच बोल लावला, तर संवसार कसा व्हायचा? माजं काय, मी आज हाय, उद्या न्हाई."

झटके हळूहळू थांबले, ताप उतरला. बाळ वाचलं. घरी सोडताना बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की उजवा हात अधू राहील, चालणं-बोलणं उशिरा येईल, कदाचित पुरतं येणारही नाही.

चांगुणा बाळाला घेऊन राहात्याला आली. बाळाचा हात चोळायला गोजरबाईही आली. मच्छिंद्र तिच्यासमोर मान खाली घालून जेवायचा. तिला हवं-नको ते चांगुणाला विचारायचा. एका सकाळी मात्र त्यानं धीर केला. ती अंगणात उन्हात बाळाला तेल लावत होती.

"मामी, त्या दिवशी मी तुमच्या दारात बोललो..."

गोजरबाईचा हात थांबला नाही. "मुक्याचं मला कायबी वाटत न्हाई, बापू. बापानं लेकराचा मुका घेतला, त्यात काय? पर पान्याचं लागलं मला. टँकरचं पानी आमी पेलो. बाळंतिनीला आन् लेकराला पाटलाच्या हिरीचं, मी डोक्यावर आनलेलं. तेबी गाळून, उकळून. माज्या अंगाला महिनाभर पानी लागलं न्हवतं. आन् तुमी समद्या आळीसमोर मला घाण म्हनालात."

तिनं 'असू द्या' म्हणावं याची मच्छिंद्र वाट बघत राहिला. ती म्हणाली नाही. तिनं वाटीतलं तेल तळहातावर घेतलं आणि गहिनीनाथची मिटलेली मूठ एकेक बोट करून उघडू लागली.