मी, आरोपीची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. ओहायोतल्या एका डोंगराळ जिल्ह्याच्या कोर्टातली, तीही आरोपीची. नाकं मुरडू नका. जजसाहेबांच्या खुर्चीला चामड्याची गादी असेल, पण अस्सल ओकचं लाकूड माझंच. एकही खिळा न मारता सुताराने मला जोडलं, स्वतः बसून पाहिलं आणि म्हणाला, "ही कोणालाही पेलेल." पेललं मी. चोर पेलले, दारुडे पेलले, काहीच न केलेलेही पेलले.

शिक्षा सांगण्याआधी जजने आरोपीला विचारायचं असतं, "तुला काही सांगायचंय?" मग माणूस उठतो आणि घडीभर माझा भार उतरतो. डेन्झिल स्टकी बसला त्या दिवशी तो उतरलाच नाही.

डेन्झिल लाकडाच्या वखारीचा ट्रक चालवायचा. एका उतारावर ट्रक थांबला नाही, आणि टपालपेटीपाशी उभा असलेला म्हातारा एमेट बीम गेला. वकिलाने डेन्झिलला पढवलं, "'नो कॉन्टेस्ट' म्हणायचं. गुन्हा केला असंही नाही, केला नाही असंही नाही. फक्त मी वाद घालत नाही. उद्या एमेटच्या बायकोने भरपाईचा दावा लावला तर कबुली तुझ्या गळ्यात यायला नको. बाकी तोंड बंद!"

इकडची माणसं शब्दाला फार धरून. वाद घालत नाही म्हटलं म्हणजे आता बोलायची सोयच उरली नाही, असं डेन्झिलने मनाशी घेतलं. शुक्रवार होता. बंबवाल्यांच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं गावजेवण होतं, सगळ्यांना निघायची घाई. जजनी वकिलाला विचारलं, वकील दोन वाक्यं पुटपुटला आणि पाच वर्षं सुनावली गेली. डेन्झिल उठू बघत होता, वकिलाने बाही धरून बसवला.

मागच्या बाकावर त्याची आई वर्ना होती, नाकात प्राणवायूची नळी लावून. तिच्या छातीकडे बघून डॉक्टरांनी पाच वर्षं काही कबूल केली नव्हती.

"अपील कर," ती वकिलाला म्हणाली. "माझ्या मातीला तरी येऊ दे पोराला."

"वर्नाबाई, वाद घालत नाही म्हणाला ना तो? आता कशावर अपील?"

"फी घेताना बरं तुझं डोकं चालत होतं!"

अपिलासाठी सरकारने दुसरी वकील दिली, मिस प्रेदर. रिकाम्या कोर्टात वर्नाला माझ्यावर बसवून तिने समजावलं. "त्याने आरोपावर वाद घातला नाही. शिक्षेवर घालता येतो. शिक्षेआधी खुद्द त्याला विचारायला हवं होतं. वकिलाला विचारून भागत नाही."

"मग सुटेल?"

"सुटणार नाही. पण वर्ष-दोन वर्षं कमी होऊ शकतील."

वर्नाने बोटांवर उरलेली वर्षं मोजली.

वरच्या कोर्टाने ते मानलं. दोष कायम, शिक्षा रद्द. आता आधी त्याला विचारा आणि मग नव्याने शिक्षा द्या. गावात बोंब झाली, डेन्झिल सुटला म्हणून. कसला सुटतोय! बेड्या घालूनच आणला.

मिस प्रेदर कानात म्हणाली, "फक्त माफी मागायची. ट्रकचं काही बोलू नका."

या खेपेला जजनी विचारलं. डेन्झिल उठला आणि एमेटच्या बायकोकडे, ओर्फाकडे वळला.

"ओर्फाबाई, ब्रेक लागत नव्हते. मला आदल्या दिवसापासून ठाऊक होतं. मालक म्हणाला, एवढी खेप टाक. मी टाकली. एमेटकाकांनी मला बघून हात केला. त्यांना वाटलं, मी थांबतोय."

"गप बस रे मेल्या!" वर्ना मागून ओरडली.

जज म्हणाले, "ठाऊक असून चालवलास. पाच वर्षंच."

ओर्फा कठड्यापाशी आली. "लोक म्हणाले, त्यांचा हात वर होता. घाबरून केला असेल, किंचाळले असतील, म्हणून मी झुरत होते. हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलं नाही, बाई."

"झालं समाधान?" वर्ना म्हणाली. "आता मला कोण पुरणार?"

शिपायांनी त्याला नेलं. बर्फ वितळायच्या आत वर्ना गेली. तुरुंगाने डेन्झिलला मातीला सोडलं नाही.

पुढे कोर्टात फिरत्या, चाकं लावलेल्या खुर्च्या आल्या आणि मला तळघरात टाकलं. मोडक्या पंख्यांसोबत आहे, ओल चढते आहे. पण मी दया मागायला बोलत नाही, मित्रांनो. तुमच्यातलं कोणी उद्या जज होईल, कोणी मास्तर, कोणी घरातलं मोठं माणूस. शिक्षा द्यायची तर जरूर द्या, मी काही मऊ मनाची नाही. पण समोरच्याला आधी उभं करा आणि त्याच्याच तोंडून ऐका. त्याच्या वकिलाच्या नको, आईच्याही नको. आणि हे पहिल्याच दिवशी करा, म्हणजे ते ऐकण्यासाठी कोणी ओर्फा झुरत राहायला नको.